भिरभिऱ्याने न्यूमोनिया बरा होतो का?

गेल्या पावसाळ्यात माझ्या तीन वर्षांच्या भाच्याला न्यूमोनिया झाला आणि मुळशीतल्या एका दवाखान्यात आम्ही चार रात्री काढल्या. दाखल करताना सिस्टरांनी श्वास मोजले : मिनिटाला 58. पण तो हात सोडवून घेत नुसता रडत होता. सिस्टर म्हणाल्या, "ताई, याला जरा शांत होऊ दे, मी परत मोजते." ताईने साबणाचे फुगे काढले. दहा मिनिटांनी आकडा आला 46. औषधाचा पहिला डोस अजून जायचाच होता.

सवयीने मी दोन्ही आकडे मोबाईलमध्ये लिहून ठेवले. (ताईने रागाने बघितलं, ते बरोबरच होतं.) खेळातून शुश्रूषा या विषयावरचे जे प्रबंध मी वाचले, त्यांचं मुख्य दुखणं या दोन आकड्यांत आहे.

आराखडा साधारण ठरलेला असतो. वॉर्डात सोयीने मिळालेली मुलं, तीन दिवस फुगे फुंकणं किंवा भिरभिरं फिरवणं, आधी आणि नंतर श्वासगती व ऑक्सिजनची पातळी, शेवटी पी 0.05 हून कमी. निष्कर्ष : खेळामुळे श्वसन सुधारलं.

आता विचारा, त्याच तीन दिवसांत अँटिबायोटिक पण चालू होतं ना? ते लागू पडलं तर मूल साधारण 48 तासांत सुधारू लागतं. तुलनेचा गट नसेल तर औषधाने काय केलं आणि फुग्यांनी काय, हे सांगताच येत नाही. हा दोष परीक्षक पकडतात. दुसरा मात्र सुटतो, आणि मला तो जास्त गंभीर वाटतो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषानुसार 1 ते 5 वर्षांच्या मुलाचा श्वास मिनिटाला 40 किंवा जास्त असेल तर तो जलद. 2 ते 12 महिन्यांच्या बाळासाठी 50. आणि मोजायचा तो मूल शांत असताना, पूर्ण मिनिटभर. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीत, गावातल्याच माणसांकडून न्यूमोनिया ओळखून उपचार केले तर बालमृत्यू घटतात, हे 1990 मध्ये 'लॅन्सेट'मधून दाखवलं. तिथे सगळी भिस्त श्वास नीट मोजण्यावर होती. त्यासाठी त्यांनी साधं मोजणी-उपकरणही बनवलं.

खेळ काय करतो? मुलाला शांत करतो. रडणं थांबलं की श्वासगती उतरते, फुप्फुसात काहीही न बदलता. म्हणजे जी मोजणीची पूर्वअट होती, तीच आपण उपचाराचा परिणाम म्हणून छापतो! 'आधी'चा आकडा रडताना आणि 'नंतर'चा खेळताना घेतला, तर निकाल अभ्यासाआधीच ठरला.

मुलांच्या न्यूमोनियात छातीच्या फिजिओथेरपीचा फायदा कॉक्रेन आढाव्यालाही ठामपणे सापडलेला नाही. ब्रिटिश थोरॅसिक सोसायटीच्या 2011 च्या मार्गदर्शिकेने तर ती करू नये असंच म्हटलंय. मग भिरभिऱ्यावर एवढा भार कशाला? बरगड्यांखालची छाती आत ओढली जातेय अशा मुलाला ऑक्सिजन लागू शकतो, फुगा फुंकायला लावणं नव्हे. आणि एकच भिरभिरं चार तोंडांपुढे फिरवलं तर संसर्गाचं काय, हे 'साहित्य व पद्धती'त लिहिलेलं मी तरी पाहिलं नाही.

मग हा विषय सोडावा का? अजिबात नाही. प्रश्न बदला. भीती मोजा, सुई लावताना किती जणांना मूल धरून ठेवावं लागलं ते मोजा, तोंडावाटेचे किती डोस थुंकले ते मोजा. श्वास मोजायचेच असतील तर दोन्ही वेळा मूल शांत असताना, फक्त छातीचा व्हिडिओ पाहून, गट माहीत नसलेल्या व्यक्तीने. एकाच वॉर्डात दोन गट करू नका, साबणाचे फुगे शेजारच्या पलंगावर जातातच. त्यापेक्षा खेळाचे आणि नेहमीचे आठवडे चिठ्ठ्या टाकून ठरवा. आणि तुलनेच्या गटाजवळही परिचारिका तेवढाच वेळ बसू दे, नाहीतर खेळाचं श्रेय आणि सोबतीचं श्रेय वेगळं करता येणार नाही. खेळू द्यावं की नाही यासाठी तर पी-मूल्याची गरजच नाही; बालहक्क संहितेच्या कलम 31 मध्ये खेळ हा हक्क आहे आणि भारताने ती 1992 मध्ये स्वीकारली.

भाच्याच्या छातीत घरघर होती, म्हणून नेब्युलायझर चालू होता. पहिल्या दिवशी मास्क दोन मिनिटंही राहिला नाही. तिसऱ्या दिवशी ताईने आधी तो कापडी वाघाला लावला, मग याने अख्खा डोस घेतला. पण तोवर तापही उतरला होता, म्हणजे तुलनेचा गट माझ्याकडेही नाही.