आमच्या कादंबरीचे परीक्षण

गेल्या नोव्हेंबरात मी एक कादंबरी लिहिली. कादंबरी म्हटली की तिचं परीक्षण आलंच. एरवी लेखकाने पुस्तकाच्या दोन प्रती वर्तमानपत्राकडे धाडायच्या आणि मग रविवारमागून रविवार वाट पाहायची, अशी रीत आहे. आमची कादंबरी दोनशे पानी दोन वह्यांत आहे आणि ती छापली जाण्याचा धोका नाही. लेखकाने आपल्या पुस्तकावर आपणच लिहू नये, मित्राकडून लिहवून घ्यावं, असा मराठीत संकेत आहे. पण माझे मित्र संध्याकाळी दापोडी स्टेशनच्या बाकावर बसतात आणि त्यांना लोणावळा लोकलच्या वेळापत्रकाखेरीज कुठल्याही लेखनात रस नाही. तेव्हा हे काम मलाच करणं आलं.

सुरुवात नातीमुळे झाली. ती म्हणाली, "आजोबा, नॅनोरायमो करू या?" मला वाटलं, गुडघ्याला चोळायचं काहीतरी असेल. तर ती महिन्यात कादंबरी लिहायची पैज निघाली. १९९९ साली अमेरिकेत, सॅन फ्रान्सिस्कोच्या बाजूला, ख्रिस बेटी नावाच्या गृहस्थाने वीस मित्रांना हाताशी धरून हा उद्योग आरंभला. पहिल्या वर्षी जुलैत, पुढल्या वर्षापासून नोव्हेंबरात. तीस दिवस, पन्नास हजार शब्द, म्हणजे रोजचे १,६६७. खोडायचं नाही, मागे वळून वाचायचं नाही, नुसतं पुढे जायचं. बघता बघता जगभरची लाखो माणसं दर नोव्हेंबरात लिहीत सुटली. ती चालवणाऱ्या संस्थेने २०२५ साली गाशा गुंडाळला. पण संस्था बंद पडली म्हणून नोव्हेंबर थोडाच बंद पडतो?

"खोडायचं नाही आणि मागचं आठवायचं नाही," सौ. म्हणाली, "मग तुम्हाला जमेल. संसार तसाच केलात."

मी भोसरीच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळून निवृत्त झालेला माणूस. आकडा दिसला की मला हुरूप येतो. मी लगेच शब्दांचं बिन कार्ड तयार केलं : तारीख, आवक, जावक, शिल्लक. खोडायला बंदी असल्यामुळे जावकेचा रकाना महिनाभर कोरा राहिला. अशी स्टोअरं मी पाहिली आहेत. शिल्लक डोळे दिपवणारी असते आणि ऐन वेळी हवा तो बोल्ट मिळत नाही.

आता गुणदोष. पहिला दोष भाषेचा, आणि त्याला कारण मोजणी. "घरासमोरच्या झाडाखालून" हे मराठीत दोन शब्दांत भागतं. इंग्रज लेखकाला तेवढ्याच ऐवजाचे नऊ मिळतात. आपले प्रत्यय आणि अव्ययं शब्दाच्या पोटात जाऊन बसतात. त्यांना तिकडे स्वतंत्र तिकीट आहे. म्हणजे त्यांचे पन्नास हजार आणि आपले पन्नास हजार एक नव्हेत, हे माझ्या दुसऱ्याच दिवशी ध्यानात आलं. चौथ्या दिवशी मी "झाडाच्या खाली" असं तोडून लिहू लागलो. सातव्या दिवशी "राजपुत्र म्हणाला" एवढ्यावर माझं समाधान होईना. मी लिहिलं, "तो पराक्रमी राजपुत्र मंद मंद स्मित करीत म्हणता झाला." दोनाचे नऊ. कादंबरीभर हा राजपुत्र नीलकेतू मंद मंद स्मित करीत हिंडतो आहे. बाप मेल्याची वार्ता ऐकतानाही त्याचं स्मित ढळलेलं नाही, कारण त्या दिवशी माझे चारशे शब्द कमी होते.

दुसरा दोष प्रदेशाचा. माझी कथा हिमदुर्ग नावाच्या राज्यात घडते. तिथे बाराही महिने बर्फ. माझा बर्फाशी संबंध लग्नातल्या सरबतापुरता. चौदा पानांतला सगळा हिमालय मी आमच्या फ्रिजचा वरचा कप्पा उघडून लिहिला, आणि जाणकाराला तिथे मटाराचा वास येईल. पुढे मायावी अरण्य आहे. तेही पंधरा पानं चालतं आणि त्यात "उंच उंच वृक्ष" यापलीकडे एकाही झाडाला नाव नाही. हे लिहिणारा माणूस राहतो कुठे? दापोडीत! इंग्रजी अमदानीत इथे गव्हर्नराचा बंगला होता, सर जॉन माल्कमच्या काळातला, आणि त्याच्या आवारात सरकारी वनस्पतिउद्यान. डॉ. अलेक्झांडर गिब्सन १८३८ पासून त्याचा अधीक्षक होता. १८४७ ते १८५० या काळात त्याने एका चित्रकाराकडून तिथल्या झाडाझुडपांची चित्रं काढून घेतली. ती 'दापुरी ड्रॉइंग्ज' म्हणून एडिंबरोच्या रॉयल बोटॅनिक गार्डनमध्ये जपून ठेवली आहेत. पानाची शीर न् शीर काढणाऱ्या त्या चित्रकाराचं नाव मात्र नोंदलेलं नाही. तिथे झाडांना नावं आहेत, चित्रकाराला नाही. माझ्या कादंबरीत लेखकाला नाव आहे, झाडांना नाही. अद्भुत कशाला म्हणायचं, हे वाचकांनी ठरवावं.

घाईमुळे असं झालं, असं म्हणून मला सुटता येईल. पण परीक्षकाने लेखकाला इतक्या स्वस्तात सोडू नये. घाईत आपल्याकडे काय काय लिहिलं गेलं! हरिभाऊ आपट्यांनी १८९० साली 'करमणूक' काढलं आणि त्यात आठवड्याच्या हप्त्यांनी कादंबऱ्या दिल्या. १९०९ साली 'मनोरंजन'ने दिवाळी अंकाची प्रथा पाडली, तेव्हापासून मराठी लेखकांचा नोव्हेंबर ऑगस्ट-सप्टेंबरातच येतो. नेमाड्यांची 'कोसला' १९६३ साली काही आठवड्यांत लिहून झाली. आणि दस्तयेवस्कीने तर १८६६ सालच्या ऑक्टोबरात एका लघुलेखिकेला सांगत 'जुगारी' सव्वीस दिवसांत हातावेगळी केली, कारण मुदत चुकली तर त्याच्या पुस्तकांचे हक्क नऊ वर्षं प्रकाशकाच्या घशात जाणार होते. (पुढे त्या लघुलेखिकेशी त्याचं लग्न झालं. ही बाब मी घरी सांगितलेली नाही.) पण दस्तयेवस्की जुगाराच्या टेबलावर स्वतः नागवला गेलेला माणूस होता. सव्वीस दिवसांत त्याने ती कादंबरी रचली नाही, नुसती उतरवून दिली. मी हिमदुर्गात कधी एक पैसासुद्धा हरलेलो नाही.

अद्भुतरम्याचं तर आणखी अवघड. लक्ष्मणशास्त्री हळब्यांच्या १८६१ सालच्या 'मुक्तामाले'पासून मराठीत हा प्रकार आहे, आणि योगायोग फार झाले म्हणून तेव्हापासून शिव्या खातो आहे. लोकांना वाटतं, जादू आली की काहीही चालतं. उलट आहे. घरगुती कादंबरीत नायकाला ताप आला तर वाचक डॉक्टर स्वतःच बोलावतो. जादूच्या कादंबरीत ताप म्हणजे काय इथपासून सांगावं लागतं, आणि एकदा सांगितलं की ते पाळावं लागतं. टॉल्किनने १९३७ च्या डिसेंबरात 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज' सुरू केली ती १९५४ साली बाहेर पडू लागली. प्रकाशकाला नवं पुस्तक हवं होतं तरी! माझ्या राजपुत्राची तलवार नवव्या दिवशी अदृश्य होते, अकराव्या दिवशी बोलते आणि सोळाव्या दिवशी पाऊस पाडते. तेराव्या दिवशी तिने काय केलं ते मला आठवत नाही, आणि मागे वाचायला बंदी होती.

मुदतीच्या पैजेची सगळ्यांत थोर गोष्ट मात्र आपली आहे, पैठणची. कथासरित्सागरात ती येते. सातवाहन राजा जलक्रीडा करताना राणीवर पाणी उडवत होता. ती संस्कृतात "मोदकैः" म्हणाली, म्हणजे पाण्याने मारू नका. राजाने मोदक मागवले! राणी हसली, राजा खट्टू झाला आणि त्याने व्याकरण शिकायचं मनावर घेतलं. गुणाढ्य म्हणाला, सहा वर्षं लागतील. शर्ववर्मा म्हणाला, सहा महिने. गुणाढ्याने पैज लावली : तसं झालं तर मी संस्कृत, प्राकृत आणि देशी, तिन्ही भाषा सोडीन. शर्ववर्म्याने ते करून दाखवलं. झालं, गुणाढ्य विंध्याच्या रानात गेला, पैशाची भाषा शिकला आणि शाई नाही म्हणून स्वतःच्या रक्ताने सात वर्षांत सात लाख श्लोकांची बृहत्कथा लिहून बसला. राजाने ती नाकारली. मग तो एका टेकडीवर बसून एकेक पान पशुपक्ष्यांना वाचून दाखवायचा आणि अग्नीत टाकायचा. जनावरं चरणं विसरून ऐकत राहिली. तिकडे राजाच्या ताटात वाळकं मांस येऊ लागलं, म्हणून चौकशी झाली आणि उरलेलं एक लाख वाचलं.

या गोष्टीत शब्दमोजणी आहे, मुदत आहे, साभार परत आहे. पण परीक्षक म्हणून मला मोल वाटतं ते त्या हरणांचं. समोरचा खायचा थांबला की नाही, याहून खरी समीक्षा मला ठाऊक नाही.

आमच्याकडे आई आहे. वय अठ्ठ्याऐंशी. माणसांची नावं तिच्या हातून निसटली आहेत. मला ती बहुधा तिच्या धाकट्या भावाच्या नावाने हाक मारते. संध्याकाळी तिला खिचडी भरवताना मी दिवसाचं लिखाण वाचून दाखवत असे. हिमदुर्ग चालू असताना ती वाटीभर खिचडी संपवायची. मायावी अरण्यात तर तिने आणखी मागून घेतली. सौ. म्हणाली, "कादंबरी पचनाला बरी आहे."

एकोणिसाव्या दिवशी मी चार हजार शब्दांनी मागे होतो. राजपुत्राचा मला वीट आला होता. रात्री शेवटची मेट्रो गेली आणि मी खिडकीशी बसून जे आलं ते लिहिलं. पवना जिथे मुळेला मिळते तिथला एक नावाडी. पाण्यावर जलपर्णी इतकी दाट की नाव जमिनीवरून ओढतोयसं वाटावं. त्याला एकच नियम : उतारूला नाव विचारायचं नाही. विचारलं, की तो उतारू नदीचा. आणि एका रात्री नावेत एक बाई येऊन बसते. चेहरा ओळखीचा, नाव काही केल्या आठवत नाही. अकराशे शब्द झाले आणि मला झोप लागली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ते वाचू लागलो. चमचा आईच्या तोंडाशी नेला, तर तिने हाताने बाजूला सारला.

"ती त्याची पोर आहे," ती म्हणाली.

मी हे कुठे लिहिलं नव्हतं. मला माहीतही नव्हतं.

"विचारू नको म्हणावं त्याला."

"अहो, आईंना आधी जेवू द्या," सौ. आतून म्हणाली. खिचडी गार झाली होती. "पुढं?" आईने विचारलं. पुढे काही नव्हतं. पुढच्या पानावर राजपुत्र नीलकेतू मंद मंद स्मित करीत उभा होता, कारण विसाव्या दिवशी मी शुद्धीवर येऊन कथानकाकडे वळलो होतो.

तीस तारखेला रात्री सव्वाअकराला पन्नास हजार पुरे झाले. नातीने पेढे आणले. तिची स्वतःची कादंबरी बावीस हजारांवर थांबली, आणि ती माझ्यापेक्षा चांगली आहे, असं परीक्षक म्हणून नमूद करतो. एरिन मॉर्गनस्टर्नची 'द नाइट सर्कस' ही २०११ सालची गाजलेली जादूची कादंबरी याच पैजेत जन्मली, असं तिने मला दिलासा म्हणून सांगितलं. मागून हेही सांगितलं की त्या बाईंनी एकाहून अधिक नोव्हेंबर त्यात घातले, आणि नंतर ती पुन्हा पुन्हा लिहिली.

गुणाढ्याचं सातांत एक तरी वाचलं. माझ्या पन्नास हजारांतले अकराशे ठेवावेत, बाकीच्या पानांच्या कोऱ्या बाजू नातीने गणितासाठी घ्याव्यात, असा निकाल मी दिला आहे. लेखकाने तो कुरकुरत मान्य केला.

आई रोज विचारते, "लागली का रे नाव?" डिसेंबरभर मी "लागेल" म्हणून वेळ मारून नेली. मग आठवड्याला पाच-दहा ओळी जमू लागल्या. काल तीस ओळी वाचून दाखवल्या. नावाडी त्यात आपलं दुःख बरंच सविस्तर सांगतो.

"एवढं बोलायचा नाही तो," आई म्हणाली आणि चमच्यासाठी तोंड उघडलं.

मी त्या ओळी खोडल्या. बिन कार्ड काढलं आणि कोऱ्या रकान्यात लिहिलं : जावक, २१४.