टायलर यांची धर्मव्याख्या आणि आळवक यक्ष

एडवर्ड बर्नेट टायलर यांचा ‘प्रिमिटिव्ह कल्चर’ हा द्विखंडात्मक ग्रंथ १८७१ साली लंडन येथे प्रसिद्ध झाला. मानवी मन सर्वत्र मूलतः सारखेच आहे, ही त्यातील भूमिका वंशभेदाच्या तत्कालीन कल्पनांना छेद देणारी होती. तिचे मोल मान्य केलेच पाहिजे. मात्र त्याच मानवजातीला रानटी, अर्धसंस्कृत व सुसंस्कृत अशा पायऱ्यांवर बसवून वरची पायरी युरोपला दिली गेली, हेही विसरता येत नाही.

चैतन्यरूप अदृश्य शक्तींवरील श्रद्धा ही टायलर यांची धर्माची किमान व्याख्या. लोकसमजुती व विधी यांतील बरेच काही त्यांनी पूर्वावस्थेचे ‘अवशेष’ ठरविले. एमिल द्यूरकेम यांनी १९१२ मध्ये बौद्ध धम्माचाच दाखला देऊन ही व्याख्या अपुरी ठरविली. बौद्ध परंपरेत देव असले तरी मुक्तीसाठी त्यांची गरज नाही, हे त्यांनी दाखविले. तरीही एक प्रश्न उरतो: पालि साहित्यातील देव, यक्ष तेथे करतात काय?

सुत्तनिपातातील आळवकसुत्त पाहावे. यक्ष तथागतांना ‘बाहेर जा’, ‘आत ये’ असे तीनदा फर्मावतो. चौथ्यांदा तथागत जाण्यास नकार देतात. उत्तर न मिळाल्यास हृदय फाडीन, अशी धमकी देऊन तो प्रश्न विचारतो. तथागत त्याला बळी देत नाहीत, मंत्रही घालीत नाहीत. श्रद्धा, सत्य व प्रज्ञा यांविषयी उत्तरे देतात. शेवटी हाच यक्ष बुद्ध व धम्म यांना वंदन करीत गावोगाव फिरण्याचा संकल्प करतो. टायलर यांच्या पद्धतीला येथे यक्षपूजेचा अवशेष सापडेल. लोकमनातील भय प्रश्नकर्ता झाले, हे मात्र तिच्या हाती लागणार नाही.

अपायकारक अंधश्रद्धा दाखवून त्या नष्ट करण्यास साहाय्य करणे, हे टायलर यांनी आपल्या शास्त्राचे कर्तव्य मानले. हा सुधारकी हेतू आपल्याला जवळचा वाटतो; म्हणूनच सावध राहावयास हवे. यक्ष दिसला की सुत्त प्रक्षिप्त, असा निर्णय सोपा असतो. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ‘द बुद्ध अँड हिज धम्म’ (१९५७) या ग्रंथात बुद्धवचनासाठी विवेकसंगतता व मानवकल्याण या कसोट्या सांगितल्या. त्या आळवकाला मिळालेल्या उत्तरांना लावून पाहाव्यात. उत्तरे टिकतात, आणि ती ज्या लोकांच्या भाषेत, ज्यांच्या भयाला उद्देशून सांगितली गेली, त्यांना ‘रानटी’ म्हणण्याचे कारण उरत नाही.