रात्री प्राणवायू देणारे झाड?

ठाणे-डोंबिवलीकडे स्नेक प्लांटची कुंडी 'रात्रीही प्राणवायू देणारे झाड' म्हणून विकली जाते. विक्रेत्याचे बोलणे म्हणून आम्ही ते सोडून दिले असते. पण कल्याणच्या एका शालेय विज्ञान प्रदर्शनात तेच वाक्य तक्त्यावर वाचले. खाली पानफुटीची कुंडी होती, निव्वळ शोभेला.

तक्त्याचा पूर्वार्ध बरोबर होता. पानफुटी, स्नेक प्लांट, निवडुंग अशा मांसल वनस्पतींची पर्णरंध्रे मुख्यतः रात्री उघडतात. दिवसा उघडली तर पाणी उडून जाईल. रात्री आत आलेला कार्बन डायऑक्साइड मॅलिक आम्लाच्या रूपात पेशींतील रिक्तिकांत साठतो. दिवसा रंध्रे मिटलेली असताना तो आम्लातून सुटतो आणि त्याची साखर बनते. मात्र प्राणवायू निघतो तो पाण्याच्या विघटनातून, आणि त्याला प्रकाश लागतो. अंधारात तो बनणार कसा? उलट रात्री ही झाडेही श्वसनासाठी प्राणवायू वापरतातच.

चूक मुलांची नाही. प्रकाशसंश्लेषणाचे समीकरण आपण एका ओळीत पाठ करून घेतो. त्यामुळे कार्बन डायऑक्साइड आत गेला की लगेच प्राणवायू बाहेर, असा समज होतो. मधल्या पायऱ्यांत बारा तासांचे अंतर पडू शकते, हे त्या बाणाखाली झाकले जाते.

'वाळवंटी झाडांची युक्ती' हे तक्त्यावरचे शीर्षकही अपुरेच. आल्प्सच्या कड्यांवरचे सेंपरव्हायव्हम हेच करते. डोंगर थंड असला तरी उन्हात खडक तापतो आणि त्यावरच्या चिमूटभर मातीत पाणी टिकत नाही.

खरे तर पुरावा त्या कुंडीतच होता. पानफुटीचे पान सकाळी आंबट आणि दुपारी बेचव लागते, हे बेंजामिन हाइने यांनी भारतात चाखून पाहिले होते. त्यांचे टिपण लंडनच्या लिनियन सोसायटीने १८१५ साली छापले. वर्गात मात्र चाखू नये, पानफुटीत हृदयावर परिणाम करणारी विषारी द्रव्ये असतात. पीएच कागद पुरे. रोप उन्हात ठेवावे. सकाळच्या सत्रातल्या मुलांनी ऊन चढण्याआधी एक पान खुडून तपासावे, दुपारच्या सत्रातल्यांनी शाळा सुटताना त्याच रोपाचे दुसरे. दोन्ही वेळा पानाचे वजन आणि वाटताना घातलेले पाणी सारखेच हवे. पाने जून घ्यावीत. कोवळ्या पानांत हा फरक नीट दिसत नाही.