होगलंड-आर्नन यांचे कोष्टक आणि शहागंजचे पाणी

होगलंड व आर्नन यांची मातीविरहित जलसंवर्धनावरील पुस्तिका कॅलिफोर्नियातील कृषी प्रयोग केंद्राने १९३८ साली प्रसिद्ध केली. १९५० मध्ये आर्नन यांनी तिची सुधारित आवृत्ती काढली. गेरिके यांच्या प्रयोगांमुळे उसळलेल्या अवास्तव अपेक्षांना तिने लगाम घातला. सुपीक मातीतील व पाण्यातील टोमॅटोच्या उत्पन्नात फारसे अंतर नसते, असे लेखकद्वयाने निःसंकोचपणे नमूद केले. अशा संयमी पुस्तिकेतील एक कोष्टक पुढील अभ्यासकांनी मंत्रासारखे पाठ करावे, हा दैवदुर्विलासच म्हणावयाचा! पालेभाजीवरील प्रबंध उघडावा, तर ‘अर्धी मात्रा’, ‘पूर्ण मात्रा’ एवढे लिहून लेखक पुष्कळदा मोकळा झालेला दिसतो. पाणी कोणते, हे तो सांगत नाही.

पूर्ण मात्रेत दर लिटरला नत्र २१०, पालाश सुमारे २३५ व कॅल्शियम २०० मिलिग्रॅम असते. हे आकडे आपण घातलेल्या क्षारांचे होत. पाण्यात मुळात असलेले क्षार त्यांत धरलेले नाहीत. शहागंजात गच्चीवर पालक वाढवू पाहणाऱ्याच्या हाती बहुधा विहिरीचे वा कूपनलिकेचे पाणी येणार, आणि काळ्या पाषाणातील असे पाणी पुष्कळदा जड असते. समजा, त्यात लिटरमागे ८० मिलिग्रॅम कॅल्शियम बायकार्बोनेटच्या रूपाने आहे. तेवढे कॅल्शियम नायट्रेट कमी करावे, तर त्याबरोबर ५६ मिलिग्रॅम नत्रही जाते. गंमत अशी, की ते बायकार्बोनेट नाहीसे करण्यास जेवढे नायट्रिक आम्ल लागते, त्यातून जवळजवळ तेवढेच नत्र परत मिळते. हा साधा हिशेब न केल्यास द्रावणाची अल्कता वाढते, लोह मुळांना दुष्प्राप्य होते आणि कोवळी पाने पिवळी पडतात. मग उपासमार समजून मात्रा आणखी वाढविली जाते! विद्युद्वाहकतेचे यंत्रही येथे सोडवीत नाही. ते क्षारांची बेरीज सांगते, त्यांची नावे नव्हे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. टोमॅटोचे आपण फळ खातो, पालकाची पाने व देठ. नत्र मुबलक व प्रकाश अपुरा असला, की न वापरलेले नायट्रेट साठते ते विशेषतः देठांत. युरोपीय संघाने ताज्या पालकात किलोमागे ३५०० मिलिग्रॅम नायट्रेटची मर्यादा घातली आहे. टोमॅटोवर भर देणाऱ्या पुस्तिकेला हा प्रश्न पडला नाही, हे समजण्यासारखे आहे. पालकाची जुडी केवळ वजनावर जोखणाऱ्या प्रबंधकारास मात्र तो पडावयास हवा होता.