शेडमधला वीररस

सिनेमा सुरू होतो न होतो तोच कॅमेरा एका फळीवरून फिरू लागतो. फळीवर इंजिनाचे मोडके भाग मांडलेले आहेत. फुटलेले, वितळलेले, तडे गेलेले पिस्टन आहेत, आणि हाताने रंगवलेल्या अक्षरांत लिहिले आहे की हे सारे वेगाच्या देवाला अर्पण. मराठी प्रेक्षक इथे थबकतो. खंडेनवमीला आपल्या वर्कशॉपमध्ये लेथला, पान्यांना, मोटरसायकलीला हळदकुंकू लागते, झेंडूची माळ पडते. पण ती पूजा चालत्या हत्याराची असते. भंगलेली वस्तू देवापुढे ठेवायची नाही हा आपल्यावरचा संस्कार. ही फळी मांडणाऱ्या माणसाच्या देवापुढे मात्र फक्त भंगलेलेच आहे, आणि ते लपवण्याऐवजी त्याने नजरेच्या उंचीवर मांडून ठेवले आहे.

रॉजर डोनाल्डसन यांचा ‘द वर्ल्ड्स फास्टेस्ट इंडियन’ हा २००५ सालचा चित्रपट. नावातला ‘इंडियन’ म्हणजे त्या नावाच्या अमेरिकन कंपनीची मोटरसायकल. अँथनी हॉपकिन्स यांनी साकारलेला बर्ट मन्रो हा न्यूझीलंडच्या दक्षिण टोकावरच्या इनव्हरकार्गिल गावचा खराखुरा माणूस, जन्म १८९९चा. १९२० साली त्याने ‘इंडियन स्काउट’ घेतली. कारखान्यातून बाहेर पडलेली ती ६२७वी स्काउट होती. सुमारे ६०० सीसीचे इंजिन, ४२ अंशांच्या कोनात बसवलेले दोन सिलिंडर, आणि वेग ताशी ५५ मैल, म्हणजे साधारण ८८ किलोमीटर. १९२६पासून तो या इंजिनात हात घालू लागला आणि पुढची कित्येक दशके तो हात बाहेर निघाला नाही. १९६७ साली, वयाच्या ६८व्या वर्षी, ४७ वर्षांच्या त्या गाडीवर त्याने अमेरिकेत, युटामधल्या बॉनव्हिलच्या मिठाच्या मैदानावर १००० सीसीखालच्या गटातला विक्रम केला.

हा वेगाचा चित्रपट म्हणून ओळखला जातो. मला तो तसा वाटत नाही. रसाच्या भाषेत बोलायचे तर हा वीररसाचा चित्रपट आहे, पण त्याचा वीररस मिठाच्या मैदानावर नाही. वीराचा स्थायीभाव उत्साह, असे आपल्या रसशास्त्राने सांगितले आहे. शौर्याच्या प्रसंगी दिसतो तो या उत्साहाचा केवळ शेवटचा टप्पा. त्याआधी कुणी पाहत नसताना, फळ दिसत नसताना तो टिकून राहावा लागतो. डोनाल्डसन यांनी हा टिकाऊ उत्साह बर्टच्या कामाच्या शेडमध्ये दाखवला आहे आणि चित्रपटाचा सर्वांत कसदार भाग तोच आहे.

त्या फळीकडे पुन्हा नीट पाहू. ज्याने एकदा तरी जुने इंजिन उघडले आहे त्याला मोडका पिस्टन म्हणजे भंगार वाटत नाही, कारण मोडण्याची प्रत्येक तऱ्हा वेगळे काही सांगते. डोक्याला भोक पडले असेल तर मिश्रणात पेट्रोल कमी पडले, ज्वलन नको तितके तापले. कडेला उभे ओरखडे असतील तर तेल पोचले नाही किंवा पिस्टन आणि सिलिंडर यांच्यात फट कमी राहिली. रिंगांच्या खाचांमधला कठडा तुटला असेल तर इंजिनात ठोके पडत होते आणि चालवणाऱ्याने ते ऐकले नाहीत. पिनेच्या भोकाशी तडा असेल तर धातू थकला होता. कारण क्रँकच्या प्रत्येक फेऱ्यात पिस्टन दोनदा पूर्ण थांबतो आणि दोनदा उलट दिशेने सुटतो, आणि हा हिसका मिनिटाला हजारो वेळा त्या पिनेलाच सोसावा लागतो. अशी फळी म्हणजे बर्टची वही आहे. त्याच्याकडे प्रयोगशाळा नव्हती, धातूची तपासणी करून घ्यायला पैसे नव्हते. मोडलेला भाग हाच त्याचा अहवाल आणि तो फेकून देणे त्याला परवडणारे नव्हते.

मग नवा पिस्टन येतो कुठून? बर्ट तो स्वतः ओततो. चित्रपटात तो धातू वितळवून साच्यात ओतताना दिसतो आणि शेजारचा मुलगा टॉम बाजूला उभा राहून पाहत असतो. कोल्हापूरकडचा प्रेक्षक हे दृश्य वेगळ्या नजरेने पाहील. शिरोली नि गोकुळ शिरगावच्या फौंड्रींमध्ये ओतकाम हे रोजचे काम आहे, आणि साच्यात थोडा ओलावा राहिला तर काय होते हे तिथे कुणाला सांगावे लागत नाही. ओलाव्याची वाफ होते, कामात पोकळ्या राहतात, बाहेरून गुळगुळीत दिसणारा पिस्टन आतून जाळीदार निघतो. बर्टने खऱ्या आयुष्यात जुन्या डब्यांचे साचे करून पिस्टन ओतले. जुने पिस्टन वितळवून नवे ओतण्यात काटकसर आहेच, पण शहाणपणही आहे. पिस्टनचे ॲल्युमिनियम साध्या भांड्यांचे नसते. त्यात सिलिकॉन मिसळलेले असते, त्यामुळे ते कमी फुगते आणि कमी झिजते. भंगारातला पिस्टन वितळवला की हा मिश्रधातू आयता हाती येतो.

फुगणे हाच सगळा प्रश्न आहे. तापल्यावर ॲल्युमिनियम बिडाच्या साधारण दुप्पट फुगते. बिडाच्या सिलिंडरमध्ये ॲल्युमिनियमचा पिस्टन बसवायचा तर गार असताना फट किती ठेवायची, याचे उत्तर मिलिमीटरच्या शंभराव्या भागांत द्यावे लागते. कमी ठेवली तर भर वेगात पिस्टन फुगून जाम होतो, आणि जाम होणे म्हणजे मागचे चाक तिथल्या तिथे अडकणे. जास्त ठेवली तर पिस्टन आपटत राहतो, जळलेला वायू खाली उतरतो आणि ताकद जाते. आपल्याकडे घरी जुनी बुलेट किंवा येझदी बांधणारा माणूस हे हिशेब बोअर करून देणाऱ्या कारागिरावर सोपवतो आणि ओव्हरसाइज पिस्टन दुकानातून आणतो. बर्टला ती सोय नव्हती. त्याने मायक्रोमीटर केला तोसुद्धा चाकाच्या जुन्या आऱ्यापासून. कनेक्टिंग रॉड घडवले ते ट्रॅक्टरच्या आसातून कापून.

ट्रॅक्टरच्या आसाची निवड मला फार आवडते, कारण ती अंदाजाने केलेली नाही. ट्रॅक्टरचा आस वर्षानुवर्षे पिळला जातो, धक्के खातो आणि तुटत नाही; म्हणजे पोलाद चांगले आहे याचा पुरावा कामानेच दिलेला असतो. कमी पैशांत काम करणाऱ्याची खरी विद्या इथे आहे. स्वस्त वस्तू कुणीही शोधेल. पण दुसऱ्या कामात आधीच कसाला उतरलेली वस्तू ओळखून ती आपल्या कामाला लावणे, यासाठी धातू आणि त्याच्यावर येणारा भार दोन्ही समजावे लागतात.

त्याने इंजिनाची मूळ रचनाही बदलली. स्काउटचे व्हॉल्व्ह सिलिंडरच्या बाजूला होते. अशा रचनेत आत येणाऱ्या मिश्रणाला वळसा घ्यावा लागतो, ज्वलनाची जागा पसरट होते आणि दाब फार वाढवता येत नाही. बर्टने व्हॉल्व्ह डोक्यावर नेले. सिलिंडर स्वतः केले, इंजिन ९५० सीसीपर्यंत वाढवले. हे सारे कशासाठी, ते एका गणितावरून कळते. वाऱ्याचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो आणि तो तोडायला लागणारी शक्ती घनाच्या प्रमाणात. वेग सव्वातीनपट करायचा तर, आकार तोच ठेवला, तर शक्ती सुमारे चौतीसपट हवी. शंभर वर्षे मागचे इंजिन इतके कधीच देणार नाही. म्हणून इंजिनाइतकेच महत्त्व त्या लांबट लाल कवचाला आहे, ज्यात बर्ट जवळजवळ पालथा पडून शिरतो.

चित्रपट हे गणित मांडत नाही आणि ते योग्यच आहे. तो टॉमला शेजारी उभा करतो. मुलगा विचारतो, बर्ट सांगतो. खोटा धीर नाही, लहान मूल म्हणून सोपे करून सांगणे नाही. हॉपकिन्स इथे अभिनय जवळजवळ दिसू देत नाहीत. बोलताना त्यांचे लक्ष कामातच राहते, मान वर होते ती प्रश्न खरोखर विचार करण्याजोगा असेल तेव्हाच. कारागिराच्या घरात वाढलेल्या कुणालाही ही लकब ओळखीची वाटेल. शिकवण्याचा वेगळा तास नसतो, कामाजवळ उभे राहण्याची परवानगी असते. शेजारच्या मोठ्या माणसांना पहाटेचा इंजिनाचा आवाज नकोसा होतो, अंगणात वाढलेले गवत खुपते (ते कापण्याऐवजी बर्ट पेट्रोल ओतून पेटवून देतो), आणि त्यांच्या तक्रारी खोट्या नाहीत. एकाच्या ध्यासाची झळ गल्लीला लागते, हे चित्रपट झाकत नाही.

दुसरे तितकेच चांगले दृश्य बॉनव्हिलच्या तपासणीचे. शेडमध्ये ज्या वस्तूंचे आपण कौतुक केले त्याच आता तपासनिसांच्या हातात येतात. टायर जुनाट, त्यांच्या भेगा बुटाच्या पॉलिशने झाकलेल्या, वरची नक्षी घरातल्या सुरीने तासून काढलेली. झाकणाच्या जागी बाटलीचे बूच. पॅराशूट नाही, आगीपासून वाचवणारा पोशाख नाही. शेडमध्ये जी कल्पकता होती, तीच इथे धोका ठरते. वस्तू बदलली नाही, पाहणारा बदलला. बहुतेक प्रेक्षक इथे बर्टच्या बाजूने होतात. मी तपासनिसांच्या बाजूने होतो, आणि दिग्दर्शकाने त्यांना मूर्ख किंवा दुष्ट केलेले नाही याबद्दल मला त्याचा आदर वाटतो. घरी जुनी गाडी बांधणाऱ्याने हे दृश्य दोनदा पाहावे. पिस्टनमध्ये काटकसर चुकली तर इंजिन बसते. टायरमध्ये, ब्रेकमध्ये चुकली तर माणूस जातो, आणि बर्टला हे कळत असूनही त्याने तो जुगार खेळला.

मधला प्रवासाचा भाग मला सैल वाटतो. जहाजावर स्वयंपाक्याचे काम करून बर्ट अमेरिकेला पोचतो, स्वस्तातली जुनी मोटर घेतो, गाडी ओढायला ट्रेलर करतो आणि वाटेत भेटणारा प्रत्येक माणूस त्याला मदत करतो. माणसे गोड आहेत, पण इतक्या सलग चांगुलपणाने ताण उतरतो. ट्रेलरचे चाक निखळल्यावर बर्ट लाकडाचा ओंडका लावून तो ओढत नेतो, तेवढ्यापुरता चित्रपट पुन्हा आपल्या मूळ स्वभावावर येतो.

वेळेबाबतही चित्रपटाने सूट घेतली आहे. बर्ट बॉनव्हिलला अनेकदा गेला. १९६२, १९६६ आणि १९६७ या तीन वर्षी त्याने विक्रम केले. चित्रपटात हे सारे एकाच फेरीत येते. कथेसाठी हे मान्य, पण त्यामुळे सर्वांत खर्चीक गोष्ट नजरेआड होते, ती म्हणजे वर्षे. पैशांची जागा वेळेने भरून काढायची तर किती वेळ लागतो, ते या माणसाच्या आयुष्याकडे पाहून कळते. १९४०च्या दशकाच्या शेवटी घटस्फोट झाला, त्याने नोकरी सोडली, तो गॅरेजमध्ये राहू लागला. चित्रपटात गाडीशेजारचे त्याचे अंथरूण मायेने दाखवले आहे; त्यामागे काय गेले हे चित्रपट विचारत नाही.

जुन्या गाड्यांचे दर्दी आणखी एक प्रश्न विचारतील: याला जीर्णोद्धार म्हणायचे का? त्यांच्या लेखी मूळ नट, मूळ रंग, मूळ कार्बोरेटर महत्त्वाचा. गाडी कारखान्यातून निघाली तशी दिसली पाहिजे. बर्टच्या स्काउटमध्ये मूळचे फार थोडे उरले होते. मला मूळपणाचा आग्रह समजतो, इतिहास जपायला तो हवाच. पण जुने यंत्र जिवंत ठेवण्याचा हाही एक रस्ता आहे. १९२०च्या गाडीशी हा माणूस अर्धशतक बोलत राहिला आणि तिच्यातल्या प्रत्येक भागाचे काम त्याने स्वतः समजून घेतले, हे काचेमागे चकाकत ठेवलेल्या गाडीबद्दल म्हणता येत नाही. तीच मोटरसायकल आज इनव्हरकार्गिलमध्ये ई. हेज या हार्डवेअरच्या दुकानात मांडलेली आहे, जिथे लोक पाने नि स्क्रू घ्यायला येतात.

डोनाल्डसन यांनी १९७१ सालीच खऱ्या बर्टवर माहितीपट केला होता. त्याचे नाव त्या फळीवरच्या शब्दांवरूनच ठेवले होते. तीस वर्षांहून अधिक काळ विषय मनात ठेवून ते त्याच्याकडे परतले. पडद्यावरचा बर्ट २०० मैलांचा आकडा ओलांडतो. प्रत्यक्षात १९६७चा विक्रम दोन्ही दिशांच्या धावांची सरासरी म्हणून ताशी १८३.५८६ मैल असा नोंदला गेला. ही सरासरी काढताना हिशेब चुकला होता, हे पुढे त्याचा मुलगा जॉन याच्या लक्षात आले आणि २०१४ साली, बर्टच्या मृत्यूनंतर ३६ वर्षांनी, आकडा १८४.०८७ असा दुरुस्त झाला. फरक अर्ध्या मैलाचा. चित्रपटातल्या २०० मैलांपेक्षा मला हा अर्धा मैल जास्त मोलाचा वाटतो, कारण चाकाच्या आऱ्याच्या मायक्रोमीटरने एका फटीसाठी पुन्हा पुन्हा मोजणाऱ्या माणसाच्या घरातच ही चूक सापडली.