वास्तुरचनेवरील दोन प्रबंध

एखादी इमारत पाहतांच ती ‘साधली आहे’ असें आपण म्हणतों. पण कशानें साधली, असें कोणी विचारल्यास बहुधा गप्प बसतों. दाराची जागा, चौकाचें मान, भिंतीची जाडी, उजेडाची वाट या सर्वांची एकमेकांशीं जी जुळणी, तिलाच वास्तुरचना म्हणावें. ही जुळणी करणें हें गवंड्याचें व कलावंताचें जुनें काम. तिच्यावर प्रबंध लिहून विश्वविद्यालयाची डॉक्टर ही पदवी मिळविणें ही मात्र त्या मानानें अलीकडची गोष्ट आहे. आमचा व्यवसाय साहित्य शिकविण्याचा; वास्तुशिल्पांत आम्हांस अधिकार नाहीं. परंतु कवितेवरील प्रबंध वाचण्यांत बरींच वर्षें गेल्यामुळें, जी वस्तु साधते किंवा फसते तिचें शास्त्र करूं पाहणाऱ्याची अडचण आमच्या चांगल्या परिचयाची आहे. म्हणून या विषयांतील दोन गाजलेले प्रबंध आम्हीं शेजारीं शेजारीं ठेवून वाचले.

दोन्ही १९६३ सालचे. पहिला ख्रिस्तोफर अलेक्झांडर यांचा. त्यांचा जन्म व्हिएन्ना येथील, शिक्षण केंब्रिजमध्यें गणित व वास्तुशास्त्र या दोन्ही विषयांचें, आणि डॉक्टरेट अमेरिकेंतील हार्वर्ड विश्वविद्यालयाची. हा प्रबंध १९६४ मध्यें ‘नोट्स ऑन द सिंथेसिस ऑफ फॉर्म’ या नांवानें ग्रंथरूपानें निघाला. दुसरा पीटर आयझनमन या अमेरिकन गृहस्थांचा, केंब्रिज विश्वविद्यालयास सादर केलेला, ‘द फॉर्मल बेसिस ऑफ मॉडर्न आर्किटेक्चर’ हा होय. तो मूळ स्वरूपांत छापून निघण्यास २००६ साल उजाडावें लागलें. या दोहोंचें नातें भावकीचें आहे. १९८२ सालीं हार्वर्ड येथें उभयतांचा जाहीर वाद झाला. तेव्हां आयझनमन यांनींच सांगितलें कीं, अलेक्झांडर यांचें हस्तलिखित केंब्रिजमध्यें आपल्या हातीं पडलें, तें वाचून आपला संताप झाला, आणि त्याचें खंडन करावें म्हणूनच आपण प्रबंध लिहावयास घेतला. आमच्याकडे प्रबंध बहुधा नोकरीसाठीं लिहिले जातात. एखाद्या विद्यार्थ्यास असा राग येईल तर आम्हांस आनंदच होईल.

अलेक्झांडर यांची प्रतिज्ञा अशी कीं, जींत कांहीं खुपत नाहीं ती रचना चांगली. आमच्या भाषेंत सांगावयाचें तर, जोडा नीट बसला असेल तर तो पायांत आहे हेंही ध्यानांत राहत नाहीं. चावूं लागला म्हणजे कोठें चावतो तें मात्र नेमकें सांगतां येतें. म्हणून खुपूं शकतील अशा सर्व बाबींची आधीं यादी करावी, कोणती बाब कोणतीशीं गुंतली आहे तें मांडावें, आणि ज्यांची आपसांत दाट गुंतागुंत आहे त्यांचे गट गणकयंत्राच्या साह्यानें पाडावे. मग एकेका गटाचा उलगडा आकृतीनें करून त्या आकृत्या एकत्र जोडाव्या. उदाहरणादाखल त्यांनीं घेतलें तें भारतांतील ६०० वस्तीचें एक खेडें. ते स्वतः गुजरातेंतील बावरा या गांवीं राहिले होते. त्यांच्या यादींत १४१ गरजा आहेत, आणि गणितानें त्यांचे १२ गट पाडले आहेत.

ही यादी वाचणें हा विलक्षण अनुभव आहे. घराचें दार दक्षिणेस नसावें, गाईगुरें पवित्र मानलीं जातात, लग्नें थाटानें व्हावयास हवींत, पाणी भरतांना बायकांच्या गप्पा चालतात, हें सर्व तींत आहे. परक्या तरुणानें एवढें डोळसपणें पाहिलें याचें कौतुक वाटतें. पण पहिलाच आंकडा पाहावा: हरिजन अपवित्र व अस्पृश्य मानले जातात. आणि २१ वा आंकडा पाहावा: अस्पृश्यतेचें निर्मूलन. दोन्ही एकाच पंक्तीला, एकाच मानाच्या! ग्रंथकारानें कांहीं दडविलें आहे असें नव्हे. गांवकऱ्यांस वाटणाऱ्या, राष्ट्रास अभिप्रेत असलेल्या आणि गांवाच्या चालू घडणींत मुकाट्यानें भागणाऱ्या, अशा तिन्ही प्रकारच्या गरजा गोळा करावयाच्या हा त्यांचा नियमच आहे. परंतु दोन गरजांत मैत्री आहे कीं वैर आहे, हें गट पाडणाऱ्या हिशेबास सारखेंच. संबंध आहे एवढेंच तो मोजतो; कोणतीनें कोणतीस मोडावें हें त्यास विचारण्याची सोय नाहीं. त्याचा निकाल १९५० सालीं अंमलांत आलेल्या राज्यघटनेच्या सतराव्या कलमानें दिलेला होता, आणि तो कोणत्याही हिशेबांतून निघालेला नव्हता.

मराठी वाचकास येथें थांबावें लागतें. गांवकूस, त्याबाहेरचा महारवाडा, निराळा पाणवठा ही आमच्या खेड्यांची रचना शतकानुशतकें चालली. कारण गांवांत ज्यांचा शब्द चालत होता त्यांना ती खुपत नव्हती. ज्यांना खुपत होती त्यांना कोणी विचारलें नाहीं. १९२७ सालीं डॉ. आंबेडकर व त्यांचे सहकारी महाडास चवदार तळ्याचें पाणी प्याले, तेव्हां तें खुपणें चारचौघांत उघड झालें. ज्यानें जुन्या रचनेंत काट्यासारखें बोंचावें असें तें कृत्य होतें, आणि तेंच न्याय्य होतें. तेव्हां ‘कांहीं खुपत नाहीं’ ही कसोटी पुरी नव्हे. ‘कोणास खुपत नाहीं?’ हें आधीं विचारलें पाहिजे.

आयझनमन यांना ही यादीच नको आहे. गरजा येतात आणि जातात; आकाराला मात्र स्वतःचें व्याकरण आहे, आणि रचनेचा विचार तेथूनच सुरू झाला पाहिजे, असें त्यांचें म्हणणें. ल कॉर्बुझिए, फ्रँक लॉइड राइट, आल्व्हार आल्टो व ज्युझेप्पे तेरान्यी या चौघांच्या प्रत्येकीं दोन वास्तु घेऊन घनता, पृष्ठ, अवकाश व गति या चार गुणांनीं त्यांची ते फोड करतात. इटलींतील कोमो येथल्या ‘कासा देल फाशो’ या तेरान्यीकृत वास्तूचें विवेचन तर अप्रतिम आहे. तिचा तळ ३३.२ मीटरांचा चौरस, उंची त्याच्या बरोबर निम्मी, १६.६ मीटर, म्हणजे अर्धा घन. दर्शनी बाजूचा एक भाग भरीव भिंतीचा आणि उरलेला खांबतुळयांची उघडी जाळी, एवढ्या साध्या भेदांतून सगळी वास्तु कशी उलगडत जाते तें वाचून ती पुन्हा पाहावीशी वाटते. पाहणाऱ्याचे डोळे उघडणें हें टीकेचें पहिलें कार्य. तें येथें पुरें झालें आहे.

परंतु १९३६ सालीं पुरी झालेली ही वास्तु म्हणजे फॅसिस्ट पक्षाची स्थानिक कचेरी होती. समोरच्या काचेच्या दारांची रांग विजेच्या साह्यानें एकदम उघडावी आणि आंतील पथकें चौकांत उतरावीं, अशी तींत योजना होती. ‘गति’ हा आकाराचा एक गुण म्हणून प्रबंधांत आहे. ती कोणाची गति, आणि कशाकडे, हा प्रश्न मात्र प्रबंधाच्या उंबऱ्याबाहेर राहतो.

याप्रमाणें एकानें सर्व कांहीं आंत घेतलें, दुसऱ्यानें बहुतेक सर्व बाहेर ठेवलें, आणि निवाडा करण्याचें दोघांनींही टाळलें. यावर कोणी म्हणेल कीं, प्रबंधाचें काम पृथक्करण; बरेंवाईट ठरविणें तें नव्हे. आम्हांस हें मान्य नाहीं. काय मोजावें आणि काय सोडावें हें ठरवितांच निवाडा झालेला असतो. तो न बोलतां केला, एवढेंच. कवितेच्या मात्रा मोजल्याच पाहिजेत, न मोजणाऱ्याची टीका पोकळ असते. पण मात्रा जुळल्या म्हणून कविता साधली असें म्हणणाऱ्यास आम्ही उत्तीर्ण करीत नाहीं.

अलेक्झांडर यांच्या बाबतींत एक गोष्ट मात्र आदरानें नमूद केली पाहिजे. पदवीनंतर दोनच वर्षांनीं, १९६५ सालीं, त्यांनीं एका निबंधांत दाखविलें कीं, जिवंत शहराचे भाग झाडाच्या फांद्यांसारखे एकमेकांपासून फुटत जात नाहींत, तर एकमेकांत मिसळलेले असतात. आणि अशी फांद्यांची विभागणी तर त्यांच्याच प्रबंधाचा पाया होती. पुढें १९७१ च्या आवृत्तीच्या प्रस्तावनेंत, आपल्या पद्धतीचें स्तोम माजविणाऱ्यांशीं आपला संबंध नाहीं, असेंही त्यांनीं स्पष्ट लिहिलें. ज्यावर कीर्ति मिळाली तेंच अपुरें होतें असें छापून सांगणें सोपें नव्हे.

वास्तुरचनेवर प्रबंध लिहूं इच्छिणाऱ्या तरुणांनीं हे दोन्ही ग्रंथ अवश्य वाचावे. पहिल्यापासून लोकांत जाऊन राहणें शिकावें, दुसऱ्यापासून भिंतीकडे तासन्‌तास पाहणें. मग एखादा जुना वाडा मोजावयास घ्यावा. चौकाची लांबीरुंदी टिपून घ्यावी, तुळयांचें अंतर टिपून घ्यावें; आणि त्याच वहींत हेंही लिहावें कीं, या चौकापर्यंत कोण येऊं शकत होतें, माजघराच्या अंधारांत कोणाचे दिवस गेले, आणि मागील दारानें कोणाला यावें लागे. एवढें लिहून झाल्यावर, ही रचना चांगली कीं वाईट, हें आपल्या नांवानिशीं सांगावें. परीक्षकांचें मत निराळें पडेल, कदाचित् पदवी एक वर्ष लांबेलही. पण मग त्या प्रबंधाशीं वाद घालण्यासाठीं दुसरा कोणी लिहावयास बसण्याचा संभव आहे.