गगनचुंबी इमारतींतील खरें आणि खोटें

इंग्रजी गद्य शिकविणाऱ्या अध्यापकाची रस्किनशीं गांठ पडल्यावांचून राहत नाहीं. १८४९ सालीं प्रसिद्ध झालेल्या ‘सेव्हन लॅम्प्स ऑफ आर्किटेक्चर’ या ग्रंथांत त्यानें वास्तुकलेचे सात दीप सांगितले असून त्यांपैकीं एक सत्याचा आहे. इमारत ज्या आधारावर उभी आहे त्याहून निराळाच आधार तिनें पाहणाराच्या डोळ्यांस भासविणें, ही त्याच्या मतें फसवणूक होय. हें मत मी पुष्कळ वर्षें विद्यार्थ्यांस श्रद्धापूर्वक सांगत आलों. पुढें अमेरिकेंतील कांहीं उंच इमारती प्रत्यक्ष पाहण्याचा योग आला, आणि त्या श्रद्धेस पहिला तडा गेला.

सेंट लुइस येथील वेनराइट बिल्डिंग लुई सलिव्हन व त्याचा भागीदार अ‍ॅड्लर यांनीं १८९१ सालीं पुरी केली. ती अवघी दहा मजल्यांची आहे. मुंबईच्या कोणत्याहि उपनगरांत आज तिच्याहून उंच घरें डझनांनीं मिळतील. पण तिच्यासमोर उभें राहिलें कीं दृष्टि आपोआप वर चढूं लागते. खालचे दोन मजले साधे व भक्कम आहेत. त्यांवर तांबड्या विटांचे अरुंद खांब सात मजले अखंड वर गेले आहेत. मजल्यामजल्यांमधील आडव्या पट्ट्या त्यांच्या मागें सारलेल्या असल्यामुळें उभ्या रेषेस कोठेंहि अडथळा नाहीं. सर्वांत वर भाजलेल्या मातीच्या नक्षीचा रुंद पट्टा व पुढें झुकलेली कड. त्यापूर्वीं उंच इमारत म्हणजे दोनचार बुटकीं घरें एकावर एक रचल्यासारखी दिसे. जणूं तिला आपल्या उंचीची लाजच वाटत होती. सलिव्हननें ती लाज टाकली, आणि उंची हाच अशा इमारतीच्या सौंदर्याचा उगम आहे, असें १८९६ सालच्या आपल्या निबंधांत निःसंकोचपणें प्रतिपादन केलें.

आतां मौज अशी कीं, पोलादाचे स्तंभ या खांबांपैकीं एकाआड एक खांबांतच आहेत. मधले खांब इमारतीचा भार मुळींच वाहत नाहींत. बाहेरून मात्र सारे सारखे! रस्किनच्या न्यायासनापुढें ही इमारत दोषी ठरणार हें उघड आहे. पण ते खोटे खांब काढून टाकल्याची कल्पना करून पाहा. खिडक्या रुंद होतील, आडवी रेषा उभीवर मात करील आणि इमारत जागच्या जागीं बसून जाईल. सत्य राहील, परंतु ज्यासाठीं ती उभारली तें उभेपण जाईल.

याच सालीं शिकागोंत मोनॅडनॉक बिल्डिंगचा उत्तरार्ध नव्हे, उत्तरेकडील अर्ध पुरा झाला. (दक्षिणेकडील भाग १८९३ सालचा, निराळ्या हातचा.) जॉन रूट या वास्तुशिल्पीची ही कृति, ती पुरी झालेली पाहण्यास तो जगला नाहीं. सोळा मजले, आणि भार बाहेरच्या विटांच्या भिंतींवर! त्यामुळें तळाशीं भिंतीची जाडी सुमारें सहा फूट आहे. मालकास नक्षी नको होती. रूटनेंहि ती दिली नाहीं. त्यानें भिंत पायथ्याशीं किंचित् पसरविली, वर निमुळती नेली आणि माथ्याशीं हलकेच बाहेर वळविली, एवढेंच. खिडकीच्या खोल कोनाड्यांत हात घातला असतां माथ्यावरील सोळा मजल्यांचें वजन तळहातास कळल्यासारखें वाटतें. येथें सत्य व सौंदर्य एकच आहेत, आणि रस्किनचा अभिमानी येथें सुखानें थांबूं शकेल.

पण न्यूयॉर्क त्यास थांबूं देत नाहीं. ‘४३२ पार्क अ‍ॅव्हेन्यू’ ही इमारत २०१५ सालीं पुरी झाली. उंची १३९६ फूट, आणि बाजू सुमारें ९३ फुटांची. तिच्या दर्शनी भागावरील काँक्रीटची चौकट खरोखरच भार वाहते. फसवणूक औषधालाहि नाहीं. तथापि तळापासून माथ्यापर्यंत तोच चौकोन, तीच खिडकी! दहावा मजला व ऐंशींवा मजला यांची अदलाबदल केली तरी कोणास पत्ता लागणार नाहीं. उंची आंकड्यांत आहे, अनुभवांत नाहीं. उलट, त्याच रस्त्यावर १९५८ सालीं उभी राहिलेली सीग्रॅम बिल्डिंग पाहावी. आगीपासून रक्षणासाठीं पोलादी सांगाडा काँक्रीटमध्यें लपविणें भाग होतें, म्हणून मीज व्हान डर रोहे यानें बाहेरून ब्राँझच्या उभ्या पट्ट्या लावल्या. त्यांच्यावर इमारतीचा भार नाहीं. पण आंत दडलेलें पोलाद त्या बोलून दाखवितात, आणि संध्याकाळच्या उन्हांत अडतीस मजल्यांची ती काळसर भिंत सतारीच्या तारांसारखी ताणलेली भासते. क्षेमेंद्रानें काव्यांत औचित्याचा शोध घेतला. त्याच कसोटीनें पाहतां सलिव्हनचे खांब व मीजच्या पट्ट्या यांस मी असत्य न म्हणतां उत्प्रेक्षा म्हणेन.

या न्यायानें क्रायस्लर बिल्डिंगचें काय? तिचा १८५ फुटांचा सुळका १९२९ सालीं, प्रतिस्पर्ध्यास सुगावा लागूं नये म्हणून, इमारतीच्या पोटांत गुपचूप तयार केला व सुमारें दीड तासांत बाहेर काढला. हेतु निव्वळ चढाओढीचा. माझ्या उपपत्तींत तो नीटसा बसत नाहीं. तरी ते चकाकणारे अर्धगोल एकावर एक लहान होत सुळक्यांत मिळून जातांना पाहिले कीं उपपत्ति बाजूस ठेवावीशी वाटते.

गेल्या पावसाळ्यांत मुंबईंत एका आप्तांच्या नव्या घरीं जाण्याचा प्रसंग आला. खालचे कित्येक मजले मोटारी ठेवण्याचे. त्यांची भिंत आंधळी. तिच्यावर ग्रीक धाटणीचे पोकळ खांब चिकटविलेले होते. ते चार मजल्यांवर येऊन एका सज्जाखालीं संपले होते, आणि त्यांच्यावर निराळ्याच रंगाची इमारत सुरू झाली होती. मीं मान वर करून पाहिलें, पण नजर त्या सज्जापाशींच अडली. इमारत बेचाळीस मजल्यांची आहे, हें मला लिफ्टमधील बटणांवरून कळलें.